कंग्राळीच्या मळ्यातली खोप

बेळगावला बदली झाली की माणसं आधी भाडं विचारतात, मग विहिरीचं पाणी, मग शेजार. मला हुकूम मिळाला त्या दिवसापासून मी निपाणीच्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला एकच गोष्ट विचारत सुटलो होतो, "तिकडं उंदीर पडलेत का?"

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी प्लेग पाहिला नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत आणि एवढं समजून घ्यावं. आधी घरातला उंदीर आढ्यावरून किंवा कोपऱ्यातून झिंगल्यासारखा उजेडात येतो, गरगरतो आणि पडतो. मग काही दिवसांनी माणसाला ताप भरतो, काखेत नाहीतर जांघेत गाठ येते. त्यानंतर सांगण्यासारखं फारसं उरत नाही. आदल्या वर्षी आमच्या निपाणीत वखारींच्या गल्लीत हे सगळं होऊन गेलं होतं. माझे आईवडील त्यातच गेले. घरात मी, बायको जानकी आणि तीन वर्षांची चिमी, एवढीच माणसं राहिली. "बायकोपोरीला इथंच ठेवून जा" असा सल्ला देणारे पुष्कळ होते, पण ठेवायचं कुणापाशी हे त्यांच्यातला एकही सांगत नव्हता.

माझी नोकरी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवायची. मूळ नकाशावर मेणकापड पसरायचं आणि गावांच्या शिवा, ओढे, वाटा काळ्या शाईनं जशाच्या तशा उतरवायच्या. बेळगाव तालुक्यातली निम्मी गावं मी अशी बोटांनी फिरलो होतो, पायांनी एकही नाही. तरी आपल्याला त्या मुलखातलं सगळं ठाऊक आहे असा माझा तोरा असे. रुजू होण्याआधी थोडी रजा मिळाली. तेवढ्यात, रोज कचेरीला चालत जाता-येता येईल आणि जिथं रोग नाही असं गाव गाठायचं, एवढंच माझं काम होतं.

निघताना जानकीनं दशमीची पुरचुंडी हातात दिली आणि म्हणाली, "घर कसलंबी चालंल. गळकं असंना का. पर त्यात उंदीर नसावा."

काकतीचा नाका

संकेश्वर, यमकनमर्डी ही गावं गाडीत पेंगत गेली. त्या प्रवासात लिहिण्याजोगं काही नाही. ढुंगण बैलगाडीच्या फळीला शिव्या देत होतं, एवढंच. मोटारी त्या वाटेवर अजून यायच्या होत्या. काकतीला मात्र नाक्यावर सगळ्या उतारूंना खाली उतरवलं. बायकांसाठी एक पडदा बांधला होता, पुरुष उघड्यावर. एक काळसर, बारीक कंपौंडर एकेकाच्या काखेत हात घालून गाठ चाचपत होता. मला भारी गुदगुल्या होतात. माझी पाळी आली आणि मी फिसकन हसलो.

कंपौंडर हात न काढता म्हणाला, "कालचा एक जणबी असाच हसला हुता."

मी सदरा घातला, गाडीत बसलो आणि बेळगाव येईपर्यंत दोन्ही काखा अंगाशी घट्ट धरून राहिलो.

शहापूर

शहापूर बेळगावला चिकटूनच आहे, पण तेव्हा ते संस्थानी हद्दीत होतं. ती हद्द मी शेकडो वेळा उतरवली होती. कागदावर ती ठसठशीत रेघ असते. जमिनीवर पाहिलं तर दोन घरांमधलं गटार. एका बाजूचे प्लेगचे कायदे निराळे, दुसऱ्या बाजूचे निराळे, आणि उंदीर मात्र दोन्हीकडचे रयत.

विणकरांची गल्ली मला आवडली, हे लपवत नाही. घराघरातून मागाचा खटखटाट चाललेला. माणसं खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेली. गल्लीत लांबच लांब सूत ताणून दोघेतिघे त्याला कुंच्यानं कांजी लावत होते, आणि शिजल्या पिठाचा आंबूस वास सगळीकडं पसरलेला. आमच्या निपाणीत तंबाखूच्या वासानं परका माणूस शिंकून बेजार होतो. इथं परक्या माणसाला भूक लागते. कचेरीतल्या एका ओळखीच्यानं सांगितला होता तो भाड्याचा सोपा याच गल्लीत होता. घरवाला मागावरून उठला नाही. त्याच्या मागावर हिरवं लुगडं अर्ध्यावर आलं होतं. काठ लाल, आणि काठाच्या आत जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या पिवळ्या ठिपक्यांची ओळ. इतकं नेटकं काम होतं की मी सोपा बघायचा सोडून ते बघत उभा राहिलो.

"कुणाचं म्हणायचं हे?"

"अनगोळच्या नागाप्पांचं. लेकीच्या ओटीचं हाय," तो म्हणाला. "सोपा बघा की. चुना आताच दिलाय."

"उंदीर वगैरे?"

"छ्या! हितं काय न्हाय."

सोपा लखलखीत होता. कचेरी जवळ, विहीर दारात. मी मनातल्या मनात चिमीचा पाळणा टांगूनही टाकला. घरवाल्याची बायको तुळसाक्का दारापर्यंत मला पाणी द्यायला आली. तांब्या पुढं करत तिनं विचारलं, "पोरबाळ हाय?"

"एक मुलगी. तीन वर्षांची."

तिनं एकदा मागं वळून पाहिलं. आतला खटखटाट चालू होता. मग हळूच म्हणाली, "अण्णा, हितं आणू नगा तिला. परसात उंदीर पडल्यात. आमी पुरलं, कुणाला बोललो न्हाय."

"आणि मला सोपा देत होता?" माझा आवाज चढला.

"हळू बोला. सांगितलं तर सरकारची माणसं कौलं काढत्यात, मागाच्या खड्ड्यात चुना वतत्यात. मग खायाचं काय आमी? तुमी अनगोळला जावा. नागाप्पा भला माणूस हाय, खोटं बोलायचा न्हाय."

मला त्या घराचा राग आला, आणि तो अनगोळच्या निम्म्या वाटेपर्यंत टिकला. मग माझ्या ध्यानात आलं की आपल्या पोटावर पाय येईल हे ठाऊक असूनही त्या बाईनं, न पाहिलेल्या पोरीसाठी, नवऱ्याच्या पाठीमागं खरं सांगितलं होतं. मागं फिरून तिला दोन चांगले शब्द बोलावेत असं वाटलं. पण त्या गल्लीत पुन्हा पाय टाकायची छाती झाली नाही.

अनगोळ

नागाप्पा म्हणजे उंच, वाकलेला शेतकरी. मी कोण, कशाला आलो हे ऐकायच्या आधी त्यांनी मला बाहेरच्या कट्ट्यावर बसवून भाकरी, झुणका आणि मिरचीचा खर्डा पुढं ठेवला. आमच्याकडं पाहुण्याला आधी कामाचं विचारतात, मग ताट वाढतात. इकडं पहिल्या घासानंतर नाव विचारतात. खर्डा इतका जहाल होता की नाव सांगताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्यांच्या घरामागं एक खोली रिकामी होती. ती त्यांनी दाखवलीसुद्धा नाही. "शहापूर हाकेवर हाय आमच्या. आज न्हाय, उद्या हितंबी येणार. लेकराला घेऊन हितं नगा येऊ. माझी लेक कंग्राळीला दिलीया, गंगू. त्या गावानं शीव बांधलीया. तिच्या सासूला माझं नाव सांगा, येसाक्का म्हणून हाय."

मी शहापुरातल्या उंदरांचं सांगितलं. ज्या घरात त्यांचं लुगडं विणलं जात होतं त्याच घराच्या परसातलं.

"ठाव हाय की," नागाप्पा म्हणाले. "म्हणून तर म्या त्या गल्लीत पाऊल टाकत न्हाय. लुगडं झालं की त्यांचा गडी आमच्या वेशीवर ठेवून जाणार, शिवाशिव न्हाय काय न्हाय."

"पण लुगडं तिथलंच की."

"कोरं हाय न्हवं!" ते हसले. "कोऱ्या कापडाला कसला विटाळ?"

यावर मी मान डोलावली. माझी आईसुद्धा सुतकात घरातलं सगळं धुवायला काढी आणि कोरी कापडं तेवढी बाजूला ठेवी. माणूस बाटतो, नेसलेलं वस्त्र बाटतं, कोरं बाटत नाही. हे आम्ही सगळेच दुधाच्या दातांपासून ऐकत आलो होतो.

कंग्राळी

कंग्राळी बेळगावच्या उत्तरेला, कचेरीपासून झपझप चाललं तर तासाभराच्या आत. मी गावात शिरलो आणि जागच्या जागी थबकलो. एकाही घरातून धूर नाही. दारादारांवर बाभळीच्या काट्या लावलेल्या. चावडीसमोर एक कुत्रं झोपलं होतं, त्यानं भुंकायचीही तसदी घेतली नाही. मला वाटलं, रोगानं गावच्या गाव खाल्लं. मी आल्या पावली मागं वळलो आणि जवळजवळ पळतच बाहेर आलो.

"ओ पाव्हणं! कुणीकडं?"

ओढ्यापलीकडं बांधावर घोंगडी पांघरून एक म्हातारा उभा होता, गावचा पाटील. त्याच्या मागं मळ्यांतून खोपी दिसत होत्या, उसाच्या पाल्याच्या, गवताच्या, आणि प्रत्येकीतून धूर निघत होता. सगळं गाव जिवंत होतं, शेतात राहायला गेलं होतं. उंदीर पडण्याची वाट न बघता, शेजारच्या गावची बातमी आल्याबरोबर ही माणसं घरांना काट्या लावून बाहेर पडली होती. मला जे गाव मेलेलं वाटलं तेच त्या टापूतलं शहाणं गाव होतं, आणि जे चुना लावून बसलं होतं ते गाव परसात उंदीर पुरत होतं.

पाटलानं मला ओढ्याअलीकडंच बसवून घेतलं. ओढा हीच त्यांनी धरलेली शीव. तिच्या कडेनं कोंबड्याचं रक्त, भात आणि लिंबं टाकून गाऱ्हाणं घातलं होतं. बाहेरचं माणूस आत नाही, आतलं बाहेर नाही. मी रोज बेळगावला जाणार म्हटल्यावर जमलेल्या लोकांत कुजबूज सुरू झाली.

"रोज टौनात जाणारा माणूस? मग शीव बांधून काय उपेग?"

तेवढ्यात येसाक्का आली. ठेंगणी, काटक, कपाळावर गोंदण, आणि पाटलालाही अरे म्हणणारी. नागाप्पांचं नाव ऐकून तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लेकरू हाय म्हणतोय न्हवं? मग येऊ द्या की. रोज सांजचं हितं वढ्यावर आंगूळ करायची, टौनातली कापडं पल्याडच्या झाडाला टांगायची, हितली घालून आत यायचं. एक दीस चुकला की खोप सोडायची. कबूल हाय का, अण्णा?"

मी कबूल झालो. दुसऱ्या दिवशी कचेरीत डोकावलो तेव्हा एकानं सुचवलं, "जांबोटीला का जात नाही? तिथल्या जंगलात प्लेगच काय, साहेबसुद्धा पोचत नाही." खरं होतं. पण तिथून रोज दहाला कचेरीत हजर व्हायचं तर पाय घोड्याचे लागले असते. मी निपाणीला जाऊन जानकी आणि चिमीला घेऊन आलो.

मळ्यात

शिवेवर आमची सगळी कापडं मोठ्या काहिलीत उकळली. जानकीच्या आईनं शिवलेली वाकळ, म्हणजे आमच्याकडची गोधडी, ती मात्र त्यांनी आत येऊ दिली नाही. जुन्या चिंध्यांची, काय काय असेल तिच्यात, असं पाटील म्हणाला. जानकी रडली. मग तिनं स्वतःच्या हातानं ती आगीत टाकली.

आमची खोप येसाक्काच्या खोपीला लागून होती. तिच्या मुलानं, गंगूच्या नवऱ्यानं कल्लाप्पानं, मला पाला शाकारायला शिकवलं, म्हणजे मी शाकारलेलं त्यानं सगळं उपसून पुन्हा शाकारलं. गंगूला सातवा महिना लागला होता. जानकीची आणि तिची गट्टी पहिल्याच दिवशी जमली. पावट्याच्या शेंगा सोलता सोलता दोघी इतक्या हसत की येसाक्का ओरडे, "शेंगा राहू द्या, दात पडतील!" रात्री पावट्याची आमटी आणि जोंधळ्याची भाकरी. सकाळी नाचण्याची आंबील. थंडी कडक होती, पण पहाटे दव पडलेल्या भातखाचरांवरून कचेरीला निघताना मला वर्षभरात पहिल्यांदाच छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटे.

बेळगावात तोवर रोग शिरला होता. वाटेत तिरड्या भेटत. कचेरीत सगळ्यांना टोचलं, मलाही. दोन दिवस हात सुजला. जानकीला टोचून घे म्हटलं तर ती म्हणाली, "हितं कशाला? हितं काय न्हाय." आणि खरंच काही नव्हतं. संध्याकाळी मी ओढ्यावर कुडकुडत आंघोळ करायचो. बांधावर कुणी ना कुणी पहारा करीत बसलेलं असायचंच, मी डोकं बुडवलं की नाही हे बघायला. कधी मनातून चरफडत असे. मग पलीकडून चिमीची हाक येई, "आबा, बुडी मारा!" आणि चरफड जाई.

एकदा खोपीत निजताना जानकी म्हणाली, "अवो, आपल्याला हे गाव घावलं ते बरं झालं. माझी भीती गेली बघा." तिनं असं म्हणावं म्हणूनच मी सगळी वणवण केली होती. मला फार बरं वाटलं.

ओटी

त्या दिवशी दुपारी आमच्या कचेरीत आरोग्य खात्याचा एक माणूस नकाशा मागायला आला. बाजारपेठेत कापडाच्या दुकानातले गठ्ठे बाहेर काढून वाफवण्याचं काम त्याच्याकडं होतं आणि व्यापाऱ्यांच्या शिव्या खाऊन तो वैतागला होता.

मी सहज विचारलं, "कोरं कापडसुद्धा वाफवता?"

"कोरंच जास्त. घडीच्या घडी पडून असते उंदरांच्या घरात. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा कापडात जातात. पिसवांना कोरं-जुनं कळतं होय?"

मी लेखणी खाली ठेवली. डोळ्यांसमोर हिरवं लुगडं आलं, लाल काठ, पिवळे ठिपके. सकाळी निघताना येसाक्का म्हणाली होती, "आज लवकर या अण्णा. गंगूची ओटी हाय, गोडधोड हाय." साहेबाला पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि निघालो. मी धावत होतो हे मला मधेच कुणीतरी "काय झालं वो?" म्हणून विचारल्यावर कळलं.

ओढ्यावर पाटलानं अडवलं. "आंगूळ."

"पाटील, आज सोडा. लुगडं—"

"आंगूळ, अण्णा."

मी डोकं बुडवलं. ज्याच्या अंगावर रोगाचं काही नव्हतं त्याला धुतल्याशिवाय आत सोडलं नाही; आणि सकाळी नागाप्पांनी शिवेवर आणून ठेवलेली ती घडी कुंकू लावून आत नेली होती.

गंगू खोपीपुढं पाटावर बसली होती. डोक्यात शेवंती, हातांत हिरवा चुडा, अंगावर ते लुगडं. आमच्याकडं सातव्या महिन्याची ओटी घरातल्या घरात उरकतात. इथं साऱ्या मळ्यातल्या बायका येऊन गेल्या होत्या. पोर फार गोड दिसत होती. मी येसाक्काकडं वळलो.

"येसाक्का, ते लुगडं उतरवा. जाळून टाका."

"काय?"

मी सांगितलं. परसातले उंदीर, पिसवा, सगळं. तुळसाक्काचं नावसुद्धा सांगितलं, जे सांगणार नव्हतो. येसाक्काचा चेहरा कठीण होत गेला.

"ओटीचं लुगडं जाळायचं? पोटुशी बाई हाय ती. तिच्या अंगावरचं ओटीचं लुगडं जाळायचं म्हंजी काय, त्ये कळतंय का तुमास्नी?"

"मग निदान उकळा."

"मेल्या माणसाची कापडं उकळत्यात!" तिचा आवाज चिरकला. "कोरं हाय त्ये. तिच्या बापानं आणलंय. कोऱ्याला काय हुतंय?"

कल्लाप्पा उठून उभा राहिला. गंगूनं दोन्ही हात पोटावर धरले आणि माझ्याकडं अशी पाहू लागली की जणू मीच तिला शाप दिला होता. जानकीनं माझा दंड धरून मला आमच्या खोपीत ओढत नेलं.

आत आल्यावर तिनं कमरेचा खण काढून पुढं केला. हिरवाच, नागाप्पांनी लुगड्याबरोबर आणलेल्या बोचक्यातला. सवाष्ण म्हणून तिला मिळालेला. "ह्यो मला दिलाय," ती म्हणाली. मी हात पुढं केला. तिनं लगेच दिला.

मी चुलीवर पाणी ठेवलं, खण त्यात टाकला आणि लाकडानं ढवळत बसलो. पाणी हिरवंगार झालं.

"रंग गेला की वो," जानकी म्हणाली.

"जाऊ दे. जीव राहिला."

मी एक लढाई तरी जिंकलो असं मला वाटत होतं. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून त्या पाण्याकडं बघत होती. मग जरा हसून म्हणाली, "मीच नेसवलं तिला. बिचारीला वाकाया येत नव्हतं. पदर आधी माझ्याच अंगावर धरून मापला. किती शोभलं न्हाय?"

मी ढवळत राहिलो.

शीव

गंगूला ताप भरला तो चौथ्या दिवशी. जानकीला त्याच्या दुसऱ्या दिवशी. चिमीला मी लगेच पाटलाच्या सुनेकडं नेऊन ठेवलं. तिनं नाक मुरडलं नाही, याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. डॉक्टर आणायला कल्लाप्पा बेळगावला पळाला. डॉक्टर आले तेव्हा गंगू गेली होती, तिच्याबरोबर तिचं पोटातलंही. नागाप्पा शिवेपलीकडं उभे होते. लेकीचं तोंड त्यांना पाहू दिलं नाही. ते ओढ्याच्या पाण्यात हात बुडवायचे आणि पुन्हा पुन्हा पुसायचे.

सरण पेटवून परतलेली माणसं आमच्या खोपीपुढं जमली. आत जानकी ग्लानीत पडली होती. काखेतली गाठ लिंबाएवढी झाली होती.

"ह्यानंच आणलं," कुणीतरी म्हणालं. "रोज टौनात जाणारा ह्यो. आमी आदीच बोललो हुतो."

"काढा त्यास्नी. आताच्या आता."

एकानं जळतं लाकूड उचललं. मी दारात उभा होतो. मग गर्दी बाजूला सारून येसाक्का पुढं आली. केस मोकळे, अंगावर सुनेच्या चितेची राख.

"थांबा," ती म्हणाली. "ह्यो माणूस आंगूळ केल्याबिगर कदी शीव वलांडून आला न्हाय. म्या बघितलंय, तुमीबी बघितलंय. आमच्यात आलं आसंल तर ते गंगूच्या ओटीतनं आलं. आन् ती घडी शिवंवरनं मी उचलून आणली, माझ्या ह्या हातानं. लाकूड टाकायचं तर माझ्या खोपीवर टाक."

लाकूड धरणाऱ्यानं ते खाली ठेवलं. माणसं हळूहळू पांगली. येसाक्का माझ्या दारात बसून राहिली, आणि जानकी जाईपर्यंत तिथनं उठली नाही. जानकीनं शेवटी पाणी मागितलं, मग चिमीचं नाव घेतलं, मग "खण वाळला का?" असं विचारलं. मी वाळला म्हणून सांगितलं.

दोन्ही खोपी आम्ही जाळल्या. येसाक्कानं ते लुगडं स्वतः आगीत टाकलं. चिमीच्या परकरासाठी नागाप्पांनी त्याच बोचक्यातून एक तुकडा पाठवला होता. ती मोठी झाली की शिवू म्हणून जानकीनं तो मला न सांगता जपून ठेवला होता. तोही टाकला. मी नोकरीचा राजीनामा दिला. आता निपाणीत वखारीत वजनं लिहितो. बदली होऊन तिकडं जाणारी माणसं अजून मला येऊन विचारतात, "तुम्ही राहिलाय तिकडं. कुठलं गाव सुरक्षित?" मी त्यांना कंग्राळीचंच नाव सांगतो. त्यापेक्षा भलं गाव मला माहीत नाही, आणि ते भलं होतं म्हणून काही वाचलं नाही, हे मात्र मला त्यांना सांगवत नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी फार गारठा होता. चिमीच्या अंगावर एक पातळ झबलं. बाकीचं सगळं जळलं होतं. गाडी ओढ्यापलीकडं उभी होती. मागून हाक आली म्हणून वळलो तर येसाक्का भातखाचरांच्या बांधावरून येत होती. तिच्या हातात घडी होती. ती पाहून मी नकळत चिमीला मागं ओढलं.

येसाक्का शिवेवरच थांबली. घडी उलगडून तिनं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली, मला नीट बघता यावी म्हणून. तिच्याच लुगड्याचा अर्धा भाग होता तो, विटका, ठिकठिकाणी दंड घालून सांधलेला.

"जुनं हाय, अण्णा," ती म्हणाली. "उकळलंय."

मी ते चिमीभोवती गुंडाळलं. कापड अजून गरम होतं.